मुलगा पाचवीला मोठ्या शाळेत चाललाय, तो पण घाबरलाय आणि मी पण

मखमलाबादची_आई
12 एप्रिल, रात्री 11:20

नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा आता चौथीत आहे, पेपर चालू आहेत, 1 मे ला निकाल लागला की ही शाळा संपली. आमच्या घराजवळची शाळा चौथीपर्यंतच आहे त्यामुळे पाचवीला हायस्कूलला घालावंच लागतंय. नाशिकलाच गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेत ॲडमिशन झालीय, सेमी इंग्लिश मिळालंय, म्हणजे गणित इंग्लिशमधून. शाळा चांगली आहे असं सगळेच म्हणतात, त्याबद्दल काही नाही.

पण गेल्या पंधरा दिवसांपासून पोरगा गप्प गप्प असतो. जेवताना भात चिवडत बसतो, रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितो, काय झालं विचारलं की "काही नाही" एवढंच. आत्ताच्या शाळेत वर्गात 24 मुलं आणि पहिलीपासून त्याच एक बाई, बाईंना त्याच्या डब्यात काय असतं ते पण पाठ. तिकडे एका वर्गात साठ-पासष्ट मुलं, दहावीपर्यंतची पोरं एकाच मैदानात, प्रत्येक विषयाला वेगळे सर-मॅडम आणि शाळा सकाळी 7 ची, आत्ता त्याची 10 ला भरते. त्यात शेजारच्या सातवीतल्या मुलाने सांगून ठेवलंय की तिकडे सगळं पेनाने लिहावं लागतं आणि चुकलं की मारतात.

परवा रात्री लाईट बंद केल्यावर अंधारात मला विचारतो, "मम्मी, पेनाने लिहिताना चुकलं तर मग काय करतात?" मी म्हटलं काही नाही रे, खोडायचं आणि पुढे लिहायचं. तर म्हणे, "पण ते दिसतं ना." मला रडूच आलं, त्याला कळू दिलं नाही.

मिस्टर म्हणतात सुट्टीत क्लास लावून टाकू, पाचवीचा थोडा अभ्यास आधीच झाला की भीती जाईल. सासूबाई म्हणतात सगळ्यांचीच पोरं जातात, तूच जास्त करतेस. मला दोन्ही पटत नाहीये. ज्यांची मुलं एक-दोन वर्षांत अशी गेलीत त्यांनी प्लीज सांगा, या दोन महिन्यांत नेमकं काय करून घेऊ? आणि माझं मी कसं सांभाळू ते पण सांगा, कारण चार वर्षं मी रोज गेटपाशी बाईंशी बोलत होते आणि तिकडे पालकांना आतच सोडत नाहीत म्हणे.


सिडको_दोन_मुली
13 एप्रिल, सकाळी 9:05

ताई अगदी हेच दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे झालं होतं. माझी मोठी आता सहावी संपवतेय, धाकटी चौथीत जाईल. तुम्ही जास्त करत नाही आहात, पोराने अंधारात का होईना विचारलं ना, म्हणजे त्याचा तुमच्यावर भरवसा आहे.

मला जे उशिरा कळलं ते सांगते. माझी लेक पहिले पंधरा दिवस शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी बाथरूमला पळायची. मला वाटलं सवय असेल. मग एक दिवस ताप, लघवीला जळजळ, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, मुलगी लघवी धरून ठेवते का? तेव्हा कळलं की तिला मुलींचं टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे हेच माहीत नव्हतं, मोठ्या मुली तिथे घोळक्याने उभ्या असायच्या म्हणून विचारायची लाज, आणि तासाला मधेच विचारलं तर मॅडम रागावतील ही भीती. म्हणून पाणीच प्यायची नाही. भरलेली बाटली घरी परत यायची आणि मी ती रोज बेसिनमध्ये ओतून देत होते, एकदाही मनात आलं नाही. तेव्हा बाटली बघत जा ताई, त्यातून खूप कळतं.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की सुट्टीत एकदा ऑफिसला फोन करून वेळ घ्या आणि मुलाला शाळा आतून दाखवून आणा. शिपाई मामांना सांगितलं की बहुतेक ठिकाणी अर्धा तास देतात. गेट, वर्ग, टॉयलेट, पाण्याचे नळ, ऑफिस, एवढं त्याला स्वतःच्या पायाने चालू द्या, तुम्ही मागे राहा.

दुसरं झोप. लहान वर्गांना सरकारने 2024 मध्ये सकाळी 9 च्या आधी शाळा भरवू नका असं काढलं पण ते चौथीपर्यंतच आहे, पाचवीला लगेच सातची शाळा चालू. सातला म्हणजे रिक्षा सव्वासहाला आणि उठायचं साडेपाचला. एकदम 15 जूनला साडेपाचला उठवलंत तर पहिला आठवडा रडारडीत जाईल. आम्ही धाकटीचं आत्ताच ठरवलंय, ती पाचवीला जाईल तेव्हा मे च्या शेवटच्या आठवड्यापासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपायचं. आणि इतक्या सकाळी पोरं खात नाहीत हो, पोळी उतरत नाही घशाखाली. दूध आणि राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं, आणि डबा जरा जास्त.

मुलींच्या आया वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण एक, तुमचा मुलगा आहे ताई तरी इथे लिहिते. पाळीबद्दल पाचवीत जायच्या आधी सांगून ठेवा. आमच्या वर्गातल्या एका मुलीला पाचवीतच आली, शाळेतच, आणि तिला वाटलं आपल्याला काहीतरी लागलंय. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि एक जादा चड्डी पिशवीत घालून ठेवायची, आणि कुठल्या मॅडमला सांगायचं ते ठरवून द्यायचं.


नाशिकरोड_बाबा
13 एप्रिल, दुपारी 1:40

सेमीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुलगा गणितात हुशार होता, पाचवीच्या पहिल्या चाचणीत 20 पैकी 7. आम्ही हादरलो. घरी तीच गणितं मराठीत घातली तर फटाफट सोडवली. अडचण फक्त शब्दांची होती. विभाजक म्हणजे फॅक्टर, विभाज्य म्हणजे मल्टिपल, अंश-छेद म्हणजे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गंमत लक्षात आली ती कोणाच्या लक्षात येत नाही. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, इंग्लिशमध्ये ट्वेंटी सेव्हन म्हणजे उलट. सर फळ्यावर न लिहिता नुसता आकडा सांगायचे तेव्हा हा 27 च्या जागी 72 लिहून मोकळा. मग आम्ही रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं आकडे सांगायचा खेळ खेळायचो, मी इंग्लिशमध्ये सांगायचं त्याने लिहायचं, मग त्याने सांगायचं मी लिहायचं. तीन आठवड्यात गेलं.

पैसे खर्च करायची गरज नाही. ई-बालभारतीच्या साईटवर पाचवीचं गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्लिश दोन्ही माध्यमांचं पीडीएफ फुकट मिळतं. पुस्तक तेच आहे, भाषा फक्त वेगळी, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी उघडायची. पहिलाच धडा रोमन आकड्यांचा आहे, तो पोरांना आवडतो. रोज चार शब्द, त्याच्या वर नाही.


सातपूरकर
13 एप्रिल, रात्री 10:15

माझं मत थोडं वेगळं आहे. मिस्टर बरोबर बोलतायत. आता पाचवीला पहिल्यासारखं ढकलपास राहिलं नाही, वार्षिक परीक्षा आहे आणि नापास होऊ शकतो. तयारी लवकर केलेली बरी. मी माझ्या मुलाला 5 मे पासूनच क्लास लावला होता.


पाचवीच्या_मॅडम
14 एप्रिल, संध्याकाळी 6:30

मी नाशिकमध्येच एका हायस्कूलला पाचवीची वर्गशिक्षिका आहे, 14 वर्षं झाली. आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सातपूरकर दादांच्या मुद्द्याचं बघू, कारण ते ऐकून पालक फार घाबरतात. डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलला हे खरं आहे, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते आणि 35 टक्के लागतात. पण नापास झाला तर त्याला शिकवून दोन महिन्यांच्या आत परत परीक्षा घ्यायची असते, त्यातही नाही झालं तरच त्याच वर्गात बसतो. चौथीपर्यंत नीट वाचता-लिहिता येणाऱ्या मुलाला या परीक्षेची भीती घालू नका. मे महिन्यात क्लास लावलेली मुलं जूनमध्ये माझ्या वर्गात येतात, "हे झालंय आमचं" म्हणतात आणि कंटाळलेली असतात. झालेलं पण अर्धवट असतं. दादा, तुमच्या मुलाला क्लासचा उपयोग झाला असेल तर मला आनंदच आहे, पण या ताईंच्या मुलाचं दुखणं अभ्यासाचं दिसत नाही.

त्याचं दुखणं त्याने स्वतः सांगितलंय. पेन. तुम्हाला वाटेल एवढीशी गोष्ट, पण दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गात दोन-तीन मुलं तरी पेनाने लिहिताना थांबतात. चार वर्षं ज्या हाताला चुकलं की खोडरबर मिळालं त्याला अचानक सांगायचं की आता चूक पुसली जाणार नाही. एक मुलगा मला आठवतो, एक शब्द चुकला की पूर्ण पान फाडायचा. ऑगस्टपर्यंत 200 पानी वही निम्मी झाली होती. घरून ओरडा, आणि ओरडा बसला की अजून चुका. मग मी त्याला माझं टाचण दाखवलं, माझी स्वतःची वही, त्यात माझी किती खाडाखोड आहे ते. तो पान उलटत गेला आणि म्हणाला, "मॅडम तुमचं पण चुकतं?" त्यानंतर पानं फाडणं थांबलं, लगेच नाही, पण थांबलं.

तर ताई, सुट्टीत त्याला पेन द्या आणि अभ्यासाचं काही लिहायला लावू नका. किराणाची यादी, आजीला चिठ्ठी, क्रिकेटचा स्कोअर. चुकलं की त्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची, गिरवून गिरवून काळं करायचं नाही, आणि पुढे बरोबर शब्द लिहायचा. एवढाच नियम. आणि तुम्ही पण त्याच्यासमोर लिहा, तुमचा शब्द चुकला तर त्याला दिसू दे तुम्ही रेघ मारून पुढे गेलात ते.

आता दुसरी गोष्ट जी पालकांच्या डोक्यात येत नाही, फळ्यावरून उतरवून घेणं. 35 मिनिटांचा तास, घंटा झाली की पुढचे सर दारात उभे, मला फळा पुसावाच लागतो, आणि निम्मा वर्ग "मॅडम थांबा ना" करत असतो. घरी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद लावा आणि पाच-सहा फुटांवरून दहा ओळी उतरवून घ्यायला सांगा, घड्याळ लावू नका, फक्त एका वेळी एकच शब्द बघून न लिहिता तीन-चार शब्द लक्षात ठेवून लिहायची सवय लागू दे. आणि हो, डोळे तपासून घ्या. 24 मुलांच्या वर्गात फळा जवळ असतो म्हणून नंबर कळत नाही, साठच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसलं की कळतो. दरवर्षी एखादं मूल निघतंच ज्याला आम्ही आधी लक्ष नाही म्हणून रागावलेलो असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

दप्तर रात्री वेळापत्रक बघून त्यानेच भरायचं, तुम्ही नाही. पहिला आठवडा मुलं सगळीच पुस्तकं आणतात कारण राहिलं तर काय ही भीती. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको असं धोरणच आहे, म्हणजे 28 किलोच्या मुलाला 2 किलो 800 ग्रॅम. बाटली-डबा धरून एकदा काट्यावर ठेवून बघा.

मारण्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. शेजारच्या मुलाने सांगितलंय ते खोटंच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही, पण तुमच्या मुलाला स्पष्ट सांगा की कोणी हात उगारला, सर असोत नाहीतर मोठा मुलगा, तर घरी सांगायचं आणि त्याला घरी कोणी रागावणार नाही. 1098 हा चाईल्डलाईनचा नंबर त्याला पाठ असू दे.

आणि तुमचं काय म्हणालात ते. गेटपाशी रोज भेट होणार नाही हे खरं. पण वर्गशिक्षिकेला 60 पालकांमधले तेच पालक लक्षात राहतात जे जूनमध्ये येऊन दोन वाक्यात मुलाबद्दल काही सांगून जातात. पालक सभेची वाट बघू नका. एक चिठ्ठी डायरीत घालून पाठवा, माझा मुलगा चुकीला फार घाबरतो, एवढंच लिहा. मला अशी चिठ्ठी आली तर मी ती वर्षभर टेबलाच्या खणात ठेवते.


सिडको_दोन_मुली
14 एप्रिल, रात्री 8:10

मॅडम डोळे भरून आले वाचताना. डायरीत चिठ्ठीचं मला कोणी सांगितलं असतं तर माझ्या लेकीचे ते पंधरा दिवस वाचले असते.


गोदाकाठचा_पालक
15 एप्रिल, सकाळी 7:50

दोनच गोष्टी. पहिली म्हणजे दाखला. निकालाच्या दिवशीच शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि तिथेच उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग सगळं जुळतंय का बघा. पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत हेच नाव चालत राहतं. आमच्याकडे दाखल्यावर वेलांटी चुकली होती, दुरुस्तीला चार महिने गेले. जुन्या शाळेने ऑनलाईन मुलाचं नाव नव्या शाळेकडे सोडलंय का तेही विचारा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे मॅडमनी सांगितलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 5 मध्ये आहे, अडवलं तर शांतपणे दाखवा.

दुसरी पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं, म्हणजे गोदावरीला पूर आला, की शाळा कधीकधी मधेच सोडतात. रिक्षावाले काका त्या वेळी दुसऱ्या भाड्यावर असतात. शाळेत मोबाईल चालत नाही. म्हणून आपला एक आणि घराजवळच्या कोणाचा एक असे दोन नंबर पाठ, आणि काका नसतील तर कुठे थांबायचं ती एकच जागा ठरलेली हवी. आम्ही ऑफिससमोरच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. मागच्या वर्षी खरंच वेळ आली, मला पोचायला तास लागला, पोरगा पायरीवरच बसलेला होता, शेजारी अजून दोघांना घेऊन. आणि आता सिंहस्थाच्या कामांनी रस्ते ठिकठिकाणी खोदलेत त्यामुळे रिक्षाची वेळ ठरवताना दहा-पंधरा मिनिटं जास्तच धरा.


मखमलाबादची_आई
15 एप्रिल, रात्री 10:45

सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना पण सगळं वाचून दाखवलं. क्लास सध्या रद्द. मॅडम, आज त्याला दुकानातून स्वतः पेन निवडायला लावलं. अर्धा तास लावला. मग घरी येऊन आयपीएलचा स्कोअर लिहिला, बॉलरचं नाव चुकलं, माझ्याकडे बघितलं, मी भाजी निवडत होते, काहीच बोलले नाही. त्याने रेघ मारली.


मखमलाबादची_आई
11 जून, रात्री 9:30

परत आले, कारण कोणाला उपयोग होईल. मे मध्ये शाळा बघून आलो. शिपाई मामांनी वर्ग उघडून दिला, हा तिसऱ्या बाकावर जाऊन बसला आणि तिथून फळा बघत राहिला, मग म्हणाला "लांब नाहीये एवढा." डोळे तपासले, उजव्याला थोडा नंबर निघाला, चष्मा झालाय. मॅडम तुम्ही लिहिलं नसतं तर मी तपासले नसते, खरंच सांगते. दाखला नीट आहे. आकड्यांचा खेळ चालू आहे, त्यात आता आजोबा पण बसतात. भीती पूर्ण गेलीय असं नाही म्हणणार, काल परत विचारत होता की वर्ग सापडला नाही तर. पण आता दिवसा विचारतो, सगळ्यांसमोर.

चिठ्ठी लिहून तयार आहे, चार ओळींची. जुन्या बाईंना वाचून दाखवली, त्यांनी खाली स्वतःची एक ओळ लिहून दिली.

एक शेवटचं विचारायचं होतं मॅडम, वह्या घ्यायच्यात, पाचवीला मराठीला दुरेघी चालते का एकरेघीच? आणि जेल पेन हवंय त्याला.


पाचवीच्या_मॅडम
11 जून, रात्री 10:05

वा, चष्म्याचं फार बरं झालं. त्याला पुढच्या तीन बाकांत बसवा असं त्याच चिठ्ठीत लिहा. आमच्याकडे एकरेघी, पण शाळेची यादी येईपर्यंत सगळ्या घेऊ नका, दोनच घ्या. जेल पेन घरी वापरू दे, शाळेत बॉलपेन द्या, पावसात वही भिजली की जेलची शाई पसरते आणि पान जातं. वह्यांना प्लॅस्टिकचं कव्हर आणि दप्तरात एक मोठी प्लॅस्टिक पिशवी.